उपवासाच्या ताटातून बटाटा का गेला: मालदीवच्या बेटावरचं एक कोल्हापूरकर प्रकरण

हे प्रकरण शिकवण्यासाठी बेतलेलं आहे, माणसंही बेतलेली आहेत. पण यातला प्रत्येक खाचखळगा मालदीवला पाहुणे पाठवणाऱ्याच्या आणि तिथे त्यांना सांभाळणाऱ्याच्या रोजच्या ओळखीचा आहे.

कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातलं कुटुंब, शिरोली एमआयडीसीत फाउंड्री. आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून थोरल्या मुलानं मालदीवच्या एका चांगल्या रिसॉर्टमध्ये चार रात्री, दोन व्हिला असं बुकिंग केलं. जाणारे सहा जण. आजोबा ७५ वर्षांचे, मधुमेही, दोन्ही वेळच्या जेवणाआधी इन्सुलिन, गुडघे दुखणारे, मटणाचे शौकीन. आजी ७० वर्षांच्या, माळकरी: अंडं नाही, कांदा-लसूण नाही, एकादशी चुकवत नाहीत. मुलगा, सून आणि नऊ नि सहा वर्षांची दोन नातवंडं. मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी एकादशी येत होती, हे बुकिंग करताना कोणाच्याच लक्षात आलं नाही.

माहितीचा प्रवास असा झाला. मुलानं कारखान्यातून व्हॉट्सॲपवर राजारामपुरीतल्या एजंटाला कळवलं. एजंटानं मुंबईच्या घाऊक टूर कंपनीचा फॉर्म भरला. ती माहिती मालदीवची राजधानी मालेतल्या एजन्सीकडे आणि तिथून रिसॉर्टच्या रिझर्व्हेशनला गेली. चार हात बदलून शेवटी उरलं ते इतकं: ‘ॲनिव्हर्सरी. जैन जेवण १. डायबेटिक १. शेजारी-शेजारी व्हिला.’

रिसॉर्टनं या चार ओळींचं तंतोतंत पालन केलं, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

जैन की माळकरी

फॉर्ममध्ये जेवणाचे पर्याय ठरलेले असतात: शाकाहारी, जैन, व्हीगन, ग्लूटेन-फ्री वगैरे. ‘कांदा-लसूण नाही’ असा रकाना नव्हता, म्हणून एजंटानं सगळ्यात जवळचा म्हणून ‘जैन’वर खूण केली. आपल्याकडच्या हॉटेलात हे खपून जातं, कारण वेटरला विचारता येतं. बेटावरच्या स्वयंपाकघरात मात्र ‘जैन’ म्हणजे जमिनीखाली उगवणारं सगळं बंद: कांदा-लसणाबरोबर बटाटा, रताळं, गाजर, बीट, मुळा. आहाराचं बंधन तिथे ॲलर्जीसारखं हाताळलं जातं. पाहुण्याच्या नोंदीवर लाल खूण लागते आणि शेफ स्वतःच्या मनानं ती ओलांडत नाही. ओलांडूही नये.

पहिले दोन दिवस त्यामुळे आजींचं जेवण विनाकारण अळणी झालं. भाजी म्हणून फ्लॉवर, भोपळा, पनीर. मुलांच्या ताटातला बटाटा बघून आजींना वाटलं, इथे आपल्यापुरता पुरत नसेल.

पहिल्याच सकाळी एक प्रसंग थोडक्यात टळला होता. नाश्त्याच्या बुफेत खोबऱ्याच्या कोशिंबिरीसारखं काही दिसलं, पांढरं, वर मिरचीचे तुकडे. आजींनी चमचा घातलाच होता. ती मास हुनी होती: खोवलेला नारळ, टूना मासा, कांदा, मिरची, लिंबू. मालदीवचं रोजचं खाणं टूनाभोवती फिरतं. सुकवलेल्या टूनाचा चुरा आणि रिहाकुरू नावाची माशाची घट्ट दाट पेस्ट अशा पदार्थांत जाते की नुसतं बघून कळत नाही. म्हणून ‘शाकाहारी’ एवढं लिहून भागत नाही. ‘मासा, सुकवलेला टूना, रिहाकुरू, फिश सॉस, ऑयस्टर सॉस यातलं काहीही नको’ असं नावानिशी लिहावं लागतं.

तिसऱ्या दिवशी एकादशी. मुलानं पहिल्या संध्याकाळी बटलरला, म्हणजे व्हिलासाठी नेमलेल्या सेवकाला, तोंडी सांगितलं होतं, ‘परवा आईचा उपवास आहे.’ बटलर उत्तर भारतीय, उपवास काय ते त्याला ठाऊक, त्यानं खिशातल्या वहीत लिहूनही घेतलं. पण तिसरा दिवस त्याच्या साप्ताहिक सुट्टीचा निघाला. बदली आलेल्या मुलाकडे वही नव्हती. सकाळी सुनेनं फोन केल्यावर फळांचं तबक आलं. दुपारी मूगडाळीची खिचडी आली, म्हणजे तांदूळ आणि डाळ, उपवासाला दोन्ही वर्ज्य. सुनेनं सांगितलं, साधा उकडलेला बटाटा द्या. स्वयंपाकघरानं नकार दिला: नोंदीवर जैन आहे, बटाटा देता येणार नाही. गेस्ट रिलेशन्सच्या, म्हणजे पाहुण्यांची सोय पाहणाऱ्या विभागाच्या, अधिकाऱ्यानं नोंद बदलेपर्यंत तीन वाजले. आजी केळी आणि शहाळ्यावर होत्या. तक्रार त्यांनी केलीच नाही. ‘राहू दे की, एका दिवसानं काय हुतंय.’ पाहुणा असं म्हणाला की कर्मचाऱ्याला वाटतं प्रश्न मिटला. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या ‘राहू दे’चा अर्थ बहुतेक वेळा ‘तुम्हाला जमलं नाही’ असा असतो, हे रिसॉर्टला कोण सांगणार?

आता यात चूक कोणाची? शेफची नाही. बदली बटलरचीही फारशी नाही. दोन चुका एकमेकींवर बसल्या. एक, माणसाचं वर्णन करण्याऐवजी शिक्का मारला, आणि तो शिक्का नेमका उलटा ठरला: जैन जेवणात जे वर्ज्य तेच उपवासाला मुख्य. दुसरी, तारखेला बांधलेली गोष्ट माणसाच्या वहीत राहिली.

या दुसऱ्या चुकीवर उपाय रिसॉर्टकडे तयार असतो, फक्त मागावा लागतो. ओपेरासारख्या हॉटेल सॉफ्टवेअरमध्ये पाहुण्याच्या बुकिंगवर ‘कॉमेंट’ लिहिता येते आणि ‘ट्रेस’ही टाकता येतो. कॉमेंट नुसती पडून असते, कोणी बुकिंग उघडलं तर दिसते. ट्रेसला तारीख आणि विभाग असतो. त्या दिवशीच्या यादीत तो त्या विभागासमोर येतो आणि काम झाल्याची खूण करेपर्यंत बाकी दिसतो. तेव्हा एजंटानं गेस्ट रिलेशन्सला मेल लिहिताना ‘कृपया लक्षात ठेवा’ असं न लिहिता ‘अमुक तारखेला किचनसाठी ट्रेस टाका, आदल्या दिवशीसुद्धा एक टाका’ असं लिहावं आणि टाकल्याचं उत्तर मागून घ्यावं.

आदल्या दिवशीचा ट्रेस कशाला? साबुदाण्यासाठी.

साबुदाणा बेटावर नेताना

रिसॉर्टचं बहुतेक सामान मालेहून बोटीनं येतं. आज मागितलं आणि उद्या आलं असं होत नाही, त्यामुळे वेगळा जिन्नस हवा असेल तर दहा ते चौदा दिवस आधी कळवणं सुरक्षित. बटाटा, रताळं, केळी, पपई, नारळ, दही, शेंगदाणे बेटावर असतातच. साबुदाणा, वरीचे तांदूळ आणि भाजलेल्या दाण्याचं कूट घरून नेणं सोपं. एका उपवासाला एका माणसापुरता पाव किलो साबुदाणा आणि तेवढंच कूट पुरून उरतं. पाकीटबंद, लेबल असलेलं घ्यावं. बाहेरून आणलेला जिन्नस शिजवायला काही रिसॉर्ट पाहुण्याची लेखी संमती मागतात, काही सरळ नाही म्हणतात. हे आधी विचारून ठेवायचं, बेटावर उतरून नाही.

कृती मात्र लेखी द्यायलाच हवी. साबुदाणा ज्यानं कधी केला नाही तो शेफ कितीही मोठा असो, तांदळासारखा पातेलंभर पाण्यात भिजवतो आणि सकाळी हाती लगदा येतो. लिहायचं ते असं: एक वाटी साबुदाणा धुवून सगळं पाणी निथळायचं, मग दाणे जेमतेम बुडतील इतकंच पाणी घालून रात्रभर झाकायचं. सकाळी दाणा बोटांत दाबला की मोडला पाहिजे, पण चिकटता कामा नये. अर्धी वाटी कूट, मीठ आणि चिमूटभर साखर त्यात आधीच मिसळायची. दोन चमचे तुपात जिरं, दोन हिरव्या मिरच्या, एक उकडलेला बटाटा, मग साबुदाणा घालून मंद आचेवर पाच-सात मिनिटं. मोहरी, हळद, हिंग, कांदा नाही. कोथिंबीर घरागणिक बदलते, आजींना विचारायचं. कढई, चमचा आणि तेल मासळीचं नसावं, ही ओळ खाली रेघ मारून.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपवास सुटतो. नाश्त्याला टोस्ट-फळं असतात, पण द्वादशीला आजींना गरम वरण-भात हवा असतो, आठच्या आत. त्यासाठी तिसरा ट्रेस.

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची हनिमूनी सजावट

‘ॲनिव्हर्सरी’ या एका शब्दावर रिसॉर्टमध्ये एक ठरलेलं पॅकेज आपोआप चालू होतं. आजी-आजोबांनी दार उघडलं तर पलंगावर पाकळ्यांचा बदाम, टॉवेलचे दोन हंस चोच जुळवून बसलेले, बर्फात स्पार्कलिंग वाइनची बाटली आणि बाथटब फुलांनी भरलेला. मागे सामान घेऊन उभी असलेली सून आणि नातवंडं. आजी जागीच खिळल्या. नातवंडांनी हंस पळवले तेव्हा कुठे जरा मोकळं वाटलं.

लाजेचं सोडा, खरी अडचण बाथटबची होती. आजोबांना गुडघ्यामुळे टबची कड ओलांडता येत नाही. बाहेरचा उघडा शॉवर शेवाळलेल्या दगडावर होता. त्यांना हवं होतं ते प्लॅस्टिकचं स्टूल, बादली आणि मग. पंचतारांकित हाउसकीपिंगला बादली देणं कमीपणाचं वाटत असेल, पण त्यांच्या भांडारात ती असते आणि मागितली की पंधरा मिनिटांत येते. मागितलीच नव्हती. सोबत शॉवरखाली रबरी चटई आणि रात्री बाथरूमचा मंद दिवा चालू ठेवणं, एवढं तीन ओळींचं काम.

वाढदिवसासाठी लिहायला हवं होतं ते हे: लग्नाला पन्नास वर्षं, जोडपं ७५ आणि ७० वर्षांचं. खोलीत सजावट नको, मद्य नको. दुसऱ्या संध्याकाळी सहाही जणांसोबत किनाऱ्यावर केक. केक अंड्याविना आणि जिलेटिनविना. दुसरी अट बहुतेकांकडून सुटते. अंड्याविना केलेला मूस, म्हणजे फेसाळ गोडाचा थर, किंवा वरची चकचकीत जेली जिलेटिननं बांधलेली असते आणि ते प्राण्यांपासून बनतं. पेस्ट्री विभागाला यासाठी दोन दिवस द्यावेत.

सुनेला औक्षण करायचं होतं. व्हिलाचं छप्पर शाकारलेलं, आत धूर-सूचक यंत्र, त्यामुळे खोलीत निरांजन लावायला कोणी परवानगी देणार नाही. किनाऱ्यावर खासगी जागेत, रिसॉर्टला आधी सांगून, वारा अडवायला काचेची चिमणी मागून जमतं. इथेच आणखी एक गोष्ट: मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती आणायला बंदी आहे, तसंच मद्य आणि डुकराचं मांसही आणता येत नाही. आजींच्या पिशवीतली अंबाबाईची पितळी मूर्ती निघण्याआधी घरीच ठेवायला सांगणं हे कोल्हापुरातल्या एजंटाचं काम. माले विमानतळावरच्या कस्टमच्या टेबलावर ते कळलं तर सहलीचा रंगच उतरतो.

घड्याळ आणि इन्सुलिन

मालदीव भारताच्या अर्धा तास मागे आहे. पण काही रिसॉर्ट संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून बेटावरचं घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात. म्हणजे बेट भारताच्या अर्धा तास पुढे, आणि मोबाइल मात्र नेटवर्कवरून मालेची वेळ दाखवतो. आजोबांनी पहिल्या रात्री मोबाइलवर पावणेआठ बघून इन्सुलिन घेतलं. जेवणाचं टेबल आठचं होतं. रेस्टॉरंटच्या घड्याळात तोवर नऊ वाजत आले होते, टेबल दुसऱ्यांना गेलेलं, पुढचं साडेनऊला. अर्ध्या तासात आजोबांना घाम फुटला, हात थरथरायला लागले. सुनेनं संत्र्याचा रस पाजला म्हणून निभावलं.

हा या प्रकरणातला सगळ्यात गंभीर प्रसंग, आणि फॉर्मवर ‘डायबेटिक १’ असं लिहिलेलं असतानाच तो घडला. त्या नोंदीचा परिणाम एवढाच झाला होता की स्वागताच्या पेयात साखर नव्हती आणि खोलीत चॉकलेटऐवजी फळं होती. लिहायला हवं होतं: इन्सुलिन घेतात, टेबल दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबवू नये, बसल्याबरोबर सूप किंवा पोळी आणावी, व्हिलात आणि बग्गीत फळांच्या रसाचे छोटे डबे ठेवावेत. कुटुंबानंही डॉक्टरांना विचारून, ताट समोर आल्यावर इन्सुलिन घेता येईल का ते ठरवून ठेवायला हवं होतं.

साठवणीचंही पाहावं लागतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं. खोलीतला मिनीबार बऱ्याचदा आवाज न करणाऱ्या जातीचा असतो, तो तेवढं गार करेलच असं नाही. बेटावरच्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ते ठेवायची विनंती करावी. वापरातलं पेन सहसा ३० अंशांखाली चार आठवडे चालतं, मुदत पेनाच्या कागदावर असते. प्रवासात सगळं हातातल्या पिशवीत. मालेहून बेटावर नेणाऱ्या, पाण्यावर उतरणाऱ्या सीप्लेनचं सामान पुढच्या विमानानं येणं नवलाचं नाही.

सीप्लेनबद्दल थोडंच. ट्विन ऑटर जातीचं छोटं विमान, पंधराच्या आसपास माणसं, फक्त दिवसाउजेडी उडतं. दुपारी साधारण साडेतीनच्या आत मालेत उतरलं नाही तर त्या दिवशी बेट गाठणं कठीण. माणशी २० किलो अधिक हातात ५ किलो, वरचं किलोवारी पैशांत. भडंग, चकली आणि कांदा-लसूण चटणीच्या डब्यांचं वजन कोल्हापुरातच करायचं. विमानात स्वच्छतागृह नाही, शिडीला कठडा बारीक. आजोबांसाठी लाउंजमधून शेवटच्या क्षणी निघणं आणि शिडीवर दोन माणसं, हे मागून घ्यावं. पाण्यावरचा व्हिला टाळला ते मात्र बरोबर होतं: लांब लाकडी धक्का, उघडी शिडी आणि सहा वर्षांचं मूल हे गणित बसत नाही. शेजारचे दोन किनाऱ्यावरचे व्हिला मिळाले.

बिल कोणासमोर

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांनी खाणं जवळजवळ बंद केलं. तब्येत ठीक होती. कारण असं की प्रत्येक चहा, प्रत्येक शहाळ्याबरोबर सहीसाठी चिठ्ठी येत होती आणि तिच्यावर डॉलरमधला आकडा होता. आजोबा मनात रुपये करत होते. आयुष्यभर फाउंड्रीचा हिशोब ठेवलेल्या माणसाला हे थांबवता येत नाही.

त्यात आकडे दिसतात तसे नसतात. मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असली की १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर पर्यटन जीएसटी, जुलै २०२५ पासून १७ टक्के. दोनशे डॉलरचं किनाऱ्यावरचं जेवण २२० होतं आणि मग २५७ डॉलर ४० सेंट. शिवाय ग्रीन टॅक्स, रिसॉर्टमध्ये माणशी दिवसाला १२ डॉलर: सहा जण, चार रात्री, २८८ डॉलर. हा पॅकेजमध्ये धरलाय का ते एजंटाला लेखी विचारावं.

उपाय फुकटचा होता, मुलानं तो दुसऱ्या रात्री केला. आजी-आजोबांच्या व्हिलाचा सगळा खर्च मुलाच्या व्हिलावर, त्यांच्यासमोर चिठ्ठी आणायची नाही, विचारलं तर ‘पॅकेजमध्ये आहे’ म्हणायचं. तिसऱ्या दिवशी आजोबांनी दोनदा आइस्क्रीम मागवलं, जे सुनेला आवडलं नाही, पण तो वेगळा विषय.

चांगलं काय झालं तेही नोंदवायला हवं, कारण त्यातून कळतं की नीट माहिती मिळाली की हीच माणसं काय करू शकतात. आजींना पहाटे साडेपाचला आलं घातलेला दुधाचा चहा लागतो. खोलीत किटली, टी-बॅग आणि दुधाची पावडर होती. बटलरनं पहिल्या दिवशी आजी फिक्या चहाकडे बघत बसलेल्या पाहिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून कर्मचाऱ्यांच्या खानावळीत उकळलेला चहा थर्मासमधून आणून दाराशी ठेवला, घंटी न वाजवता. त्यानं हे नोंदवलं नव्हतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी चहाही आला नाही. आजींना पोहायचं नव्हतं, पण पाण्यात बसायचं होतं, तर ओहोटीच्या वेळी घोटाभर पाण्यात दोन खुर्च्या मांडून दिल्या. शेफनं आजोबांसाठी घरून आणलेल्या चटणीत कोंबडी केली. मेनूवरच्या ‘कोल्हापुरी’ नावाच्या लाल रस्स्यापेक्षा ती कोल्हापूरच्या कितीतरी जवळ होती.

राजारामपुरीत काय बदलायचं

फॉर्म फोनवर भरायचा नाही. घरी जाऊन, ज्यांना राहायचंय त्यांच्यासमोर बसून भरायचा. पैसे भरणाऱ्या मुलाला आईच्या उपवासाला कोथिंबीर चालते का हे ठाऊक नसतं, सुनेला असतं. प्रश्न ‘काही खास?’ असा विचारला की उत्तर ‘काही नाही’ येतं. त्याऐवजी सकाळी उठल्यापासून विचारायचं: किती वाजता उठता, उठल्यावर पहिलं काय लागतं, आंघोळ बसून की उभ्यानं, गोळ्या कधी, रात्री किती वेळा उठता, काय दिसलं की जेवण जात नाही. पंचांग उघडून मुक्कामाच्या तारखा बघायच्या.

मग एकच पान, इंग्रजीत, विभागवार: किचन, पेस्ट्री, हाउसकीपिंग, बटलर, दवाखाना, हिशोब. प्रत्येक ओळीला तारीख किंवा ‘रोज’. शिक्क्याचे शब्द टाळून ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’ अशा दोन याद्या. हे पान मधल्या कंपन्यांना द्यायचंच, पण पोहोचण्याच्या दहा दिवस आधी थेट रिसॉर्टच्या गेस्ट रिलेशन्सलाही पाठवायचं आणि तीन दिवस आधी पुन्हा. हिंदी बोलणारा बटलर आणि त्याच्या सुट्टीच्या दिवशी कोण, ही दोन नावं उत्तरात मागायची. छापलेली एक प्रत सुनेच्या पर्समध्ये.

परतीच्या सकाळचा रकाना बहुतेक पानांवर नसतो. सीप्लेनची वेळ आदल्या संध्याकाळी कळते आणि ती पहाटेची निघाली तर नाश्त्याचं रेस्टॉरंट उघडलेलं नसतं. डब्यात मिळतो क्रोसाँ, ज्यूस आणि उकडलेलं अंडं. या कुटुंबाला तेच मिळालं. आजोबांचं इन्सुलिन आणि आजींचं पथ्य दोन्ही लक्षात घेऊन तो डबा आदल्या रात्री नऊच्या आत सांगायचा, दवाखान्याच्या फ्रिजमधलं इन्सुलिन तेव्हाच आणून हातातल्या पिशवीत ठेवायचं आणि बिल मुलानं एकट्यानं रिसेप्शनवर जाऊन तपासायचं.